पागोळ्या, तूस आणि १४ कोंबड्या : परड्यातल्या आवाराच्या नोंदी

१४ एप्रिल

गेल्या पावसाळ्यात आमच्या कोंबड्या शेजारच्या काकांच्या तरव्यात (भाताच्या रोपांच्या वाफ्यात) तीनदा घुसल्या. पेरलेलं भात उकरून खाल्लं, उगवलेली रोपं पायांनी विस्कटली. काका बोलले काही नाहीत. तिसऱ्या वेळी एक कोंबडी काखेत धरून आणली, आमच्या पडवीत सोडली आणि निघून गेले. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

म्हणून यंदा मृगाच्या आत मागच्या परड्यात जाळीचं आवार करायचं. रात्रीचं खुराडं आहेच, चिऱ्याचं, पक्कं. प्रश्न दिवसाचा आहे. तरवा पेरल्यापासून कापणीपर्यंत, म्हणजे जून ते ऑक्टोबर, कोंबड्या मोकळ्या सोडता येत नाहीत. आणि आमच्या संगमेश्वर तालुक्यात वर्षाचा तीन हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस जवळपास सगळा याच महिन्यांत पडतो. जेव्हा कोंडायच्या तेव्हाच जमीन सगळ्यात वाईट.

अण्णा (सासरे) म्हणाले, "कोंबडीला जाळीत ठेवलीस तर तिला गावठी कशाला म्हणायचं?" मी म्हटलं, "अहो अण्णा, काकांच्या तोंडाकडे तुम्ही बघाल का जूनमध्ये?" मग गप्प बसले.

मोजणी: ९ गावठी, १ कोंबडा, ४ गिरिराज (जड, सुधारित जातीच्या). खुराड्याला लागून १२ बाय २० फूट जागा मिळते, म्हणजे २४० चौरस फूट. प्रत्येकीला १७ फूट. पुरेशी आहे.

१९ एप्रिल

जमीन तपासली. वर लाल माती, साधारण १४ इंच, त्याखाली पहार वाजते असा जांभा. फूटभर खोल खड्डा करून पाणी भरलं. पहिलं पाणी २५ मिनिटांत जिरलं, म्हणून खूश झाले. लगेच दुसऱ्यांदा भरलं, तर दीड तास लागला. जुलैत ही माती आधीच भिजून टम्म असणार. तेव्हा तिसरं-चौथं पाणी जिरायला जागाच नाही. ते एक तर साचणार, नाही तर वाहणार.

लेव्हल पाईप लावून उतार बघितला. २० फुटांत ४ इंच, दक्षिणेकडून खुराड्याकडे. म्हणजे खुराडं खालच्या अंगाला. हे आज नुसतं वहीत लिहून ठेवलं. (याचा अर्थ मला दीड महिन्यानं कळला.)

३ मे

शाळेला सुट्टी लागली, काम सुरू. खांबांना जुने दीड इंची जीआय पाईप, पायात दीड फूट काँक्रीट. सुरूचे वासे स्वस्त पडले असते, पण दोन पावसाळ्यांत जमिनीलगत कुजतात आणि वाळवी वेगळीच.

जाळी निवडताना नवऱ्याशी वाद झाला. तो षटकोनी कोंबडीजाळी घेऊ म्हणत होता, गुंडाळी स्वस्त मिळते. ती कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला अडवत नाही. दोन वर्षांपूर्वी मुंगसानं तसलीच जाळी खालून वाकवून चार पिल्लं नेली होती. शेवटी खालचे ३ फूट अर्धा इंची वेल्डमेश आणि वर षटकोनी, असा समेट झाला.

वेल्डमेश जमिनीत उभी पुरली नाही. बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरली आणि तिच्यावर चिरे ठेवले. मुंगूस, घूस, उदमांजर, सगळी जाळीच्या अगदी बुडाशी उकरायला लागतात. बुडाशी जाळीच लागली की मागे सरकून दीड फुटावरून सुरुवात करण्याचं त्यांना सुचत नाही. उभ्या चरापेक्षा खोदाईही निम्मी, आणि आमच्याकडे १४ इंचांखाली खोदणं म्हणजे पहारीशी कुस्तीच.

११ मे

आज छपराचा विचार. माझ्यासमोर चार पर्याय होते.

झाप: नारळाचे, घरचे, फुकट. सावली सगळ्यात गार. पण नवे झाप धरून ठेवले तरी एका पावसाळ्याचे धनी, आणि सरळ कोसळणारा पाऊस काही वेळानं थेंबथेंब खाली सोडतातच.

ताडपत्री: ताणून बांधली नाही तर पोट धरते.

हिरवी शेडनेट: उन्हाला उत्तम, पावसाला काहीच नाही. उलट मोठे थेंब फोडून सगळीकडे बारीक तुषार करते.

पत्रा: पाऊस अडवतो, मेमध्ये भट्टी.

पैशाचा हिशेब करून ठरवलं की खुराड्याकडच्या १० फुटांवर पत्रा आणि उरलेल्या १० फुटांवर फक्त जाळं, घारी आणि शिक्रा यांच्यासाठी. कोंबड्यांनाही ऊन-पाऊस हवं, असं स्वतःला समजावलं. खरं म्हणजे पत्र्यांचे पैसे वाचवले.

१४ फुटी ४ पत्रे. उतार १२ फुटांच्या अंगाने, पूर्वेला ८ फूट उंच आणि पश्चिमेला ६ फूट, कारण आमच्याकडे झड पश्चिमेकडून येते. त्या बाजूला छप्पर जितकं खाली तितकं बरं. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचे, खळग्यात मारले की पहिल्याच वर्षी तिथून गळतं. रबरी वॉशर हाताने फिरेनासा होईतोच आवळायचा. नवऱ्याने जोरात आवळून दोन वॉशर चेपून फोडले आणि ते बदलावे लागले.

जाळ्यासाठी रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातून मासेमारीचं जुनं नायलॉन जाळं आणलं. दोन दिवस उन्हात टाकलं तरी वास जाईना. मांजर तीन रात्री त्यावर झोपली.

१६ मे

दुपारी दोनला पत्र्याखाली गेले तर कोंबड्या चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून सुटे धरून धापा टाकत होत्या. गिरिराज तर भिंतीला टेकून बसल्या होत्या. पत्र्याला खालून हात लावला आणि लगेच काढला.

अण्णांनी काही न बोलता संध्याकाळी पत्र्यावर झापांचा एक थर टाकला आणि सुंभाने आवळून बांधला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पत्र्याला हात टेकवता आला. जाळीच्या पिंजऱ्याला नावं ठेवणारा माणूस आता रोज सकाळी त्याच्यात खुर्ची टाकून चहा पितो.

१८ मे

जाळ्यात भारद्वाज अडकला. मी जाळं सैल बांधलं होतं, वाऱ्याने झोळ आला होता. त्या झोळात पाय गुंतला आणि सुटायच्या धडपडीत पंखही. आत कोंबड्यांचा कालवा. अण्णांनी पंचा टाकून त्याचं डोकं झाकलं, तसा तो एकदम शांत झाला. मी कात्रीने एकेक फास कापत गेले. पायाच्या बोटांवर दोरा कातडीत रुतला होता. तांबूस पंख, लाल डोळा, इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिला. सोडल्यावर उडाला नाही, चालत चालत काजूच्या बुडाशी गेला. सकाळी भारद्वाज दिसणं चांगलं म्हणतात. जाळ्यातला दिसला तर काय, ते अण्णांनाही ठाऊक नव्हतं.

जाळ्यातून मधे दोन तारा ओवून ते खंजिरीच्या कातड्यासारखं ताणलं. आता झोळ नाही.

१९ मे

आता जमीन. अण्णांचा आग्रह शेणाने सारवायचा. पडवीला ठीक आहे, पण कोंबड्या उकरतात आणि दोन दिवसांत पापुद्रे निघतात. नवऱ्याचं मत कोबा करू, धुता येतो. पण कोब्यावर ओल शोषली जात नाही, उकरायला काही राहत नाही, आणि गिरिराजसारख्या जड पक्ष्यांच्या तळव्याला कडक जमिनीवर गाठी येतात. शिवाय धुतलेलं पाणी जाणार कुठे? काकांच्या वाफ्यात.

तेव्हा मोकळी जमीनच, वर गादी. पत्र्याखाली तळाला चिऱ्याच्या खाणीतली कपची ४ इंच पसरून चोपली. त्यावर काय घालायचं ते ठरवायला ३ बाय ३ फुटांचे चार तुकडे केले, प्रत्येकात ४ इंच थर. एकात भाताचं तूस, दुसऱ्यात सुताराकडचा रंध्याचा भुसा, तिसऱ्यात आंबा-फणसाचा पातेरा, चौथ्यात नदीची वाळू. प्रत्येकावर बादलीभर पाणी ओतलं.

२४ मे

पाच दिवसांचा निकाल.

तूस: पाणी वरून आलं तसं खाली गेलं. दुसऱ्या दिवशी वरचा थर हाताला कोरडा. तुसात सिलिका भरपूर असते, म्हणून लवकर कुजत नाही आणि पाणीही फारसं पीत नाही. कोंबड्या ते मनसोक्त उकरतात.

भुसा: पाणी धरून बसला, तीन दिवस ओलसर, पण वास नाही. विष्ठेतली ओल शोषायचं काम हा तुसापेक्षा चांगलं करतो. रंध्याच्या सालीच घ्यायच्या. वखारीतला करवतीचा बारीक भुसा नको, धूळ उडते आणि भिजला की लगदा होतो. सुतार प्लायवूडचा भुसाही देत होता, त्यात गोंद असतो म्हणून नको म्हटलं.

पातेरा: वरून कोरडा, उचलून पाहिला तर खाली पानावर पान चिकटून ओली चटई. आंब्याचं पान चामड्यासारखं, ते शोषत काहीच नाही, नुसतं झाकतं. शिवाय अण्णांनी आधीच बजावलं होतं की पातेरा भाजावळीला, म्हणजे तरव्याची जमीन भाजायला लागतो.

वाळू: एका दिवसात वाळली. विष्ठा वर दिसते, चाळणीने उचलता येते. पण १२० चौरस फुटांवर ४ इंच म्हणजे ४० घनफूट, आणि वाळूचा भाव हल्ली बोलायची सोय नाही. एका कोपऱ्यात ३ बाय ३ तेवढी ठेवली, चुलीची राख मिसळून. धुळीत लोळायला कोंबड्या तिथे रांग लावतात. उवांवर यासारखा उपाय नाही.

पाचवा पर्याय काथ्याचा भुसा होता, कोणीतरी सुचवला. तो स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतो. कुंडीत हा गुण, जुलैत आवारात हाच दोष. आंब्याच्या पेट्या भरून उरलेला पेंढाही शेजारी देत होते. लांब पेंढा पायाखाली दबून थर होतो आणि त्यात बुरशी धरते. ती बुरशी कोंबडीच्या फुप्फुसात जाते. तोही नको.

ठरलं: दोन भाग तूस, एक भाग रंध्याचा भुसा.

तुसाबद्दल एक गोष्ट. जुन्या हलरवर भरडलेलं भात दिलं की तूस आणि कोंडा एकत्र पडतो. कोंबड्या त्यातला कोंडा टिपतात हे चांगलं, पण ओल लागली की तोच कोंडा आंबतो. दोन दिवसांत दारूच्या भट्टीसारखा वास. रबर रोलरच्या गिरणीतलं निव्वळ तूस हवं. आणि गिरणीत तुसाचे ढीग डिसेंबरात लागतात. मे महिन्यात मला मिन्नतवारी करून ९ गोण्या मिळाल्या.

२९ मे

पहिला वळीव. पाऊण तास पडला आणि माझ्या आखणीतल्या दोन चुका दाखवून गेला.

एक, पागोळ्या. पश्चिमेच्या कडेने पत्र्याचं सगळं पाणी एका ओळीत पडलं. पाऊस थांबल्यावर तिथे बोटभर खोल, सरळ रेषेत चर. चिखल उडून आतली फूटभर गादी तांबडी.

दुसरी चूक मोठी. मी छप्पर घातलं खालच्या अंगाला आणि उघडं ठेवलं वरचं. १९ एप्रिलला वहीत लिहिलेले ते ४ इंच! उघड्या भागात पडलेलं पाणी उतारावरून सरळ पत्र्याखाली शिरलं आणि तुसाच्या खालून, कपचीतून वाहत गेलं. वर तूस कोरडं, खाली हात घातला तर गार पाणी.

अण्णा खुर्चीतूनच म्हणाले, "छत्री डोक्यावर धरलीस आणि पाय ओढ्यात."

३ जून

दोन्ही भागांच्या मधे एका ओळीत चिरे बसवले, मातीच्या वर ६ इंच, सांधे सिमेंटने भरले. त्याच्या वरच्या अंगाला आडवा चर, ९ इंच खोल, तळाला कपची, पश्चिमेकडे उतार देऊन बाहेर काढला. पागोळ्यांखाली फूटभर रुंद खडीचा पट्टा.

पन्हळ प्लॅस्टिकची घ्यायची होती. अण्णांनी वादळात पडलेली पोफळ उभी चिरून, आतला गाभा काढून पन्हळ केली. लहानपणी सगळ्या घरांना हीच असायची म्हणाले. दिसायला छान आहे. किती टिकते बघू.

८ जून

मृग लागला. कोंबड्या आत. पहिल्या दिवशी कोंबडा जाळीच्या कडेने दिवसभर फेऱ्या मारत होता. काकांनी तरवा पेरला आणि कुंपणावरून जाळी बघून गेले. या वेळीही काही बोलले नाहीत, पण हसले.

२२ जून

शाळा सुरू झाली, आर्द्रा लागलं, नोंदी मागे पडल्या.

वास येतोय. उभं राहिल्यावर कळत नाही, पण वाकून खुराड्याच्या दाराशी नाक नेलं तर डोळे चुरचुरतात. कोंबडीचं नाक जमिनीपासून फूटभरच वर असतं, तिला हे चोवीस तास.

आज मी शहाणपणा केला. ओल सुकेल म्हणून गादीवर विझवलेला चुना भुरभुरला. अर्ध्या तासात वास दुप्पट. विष्ठेत साठलेला अमोनिया चुना हवेत मोकळा करतो, हे शाळेत प्रयोगाला शिकवलेलं आहे मी स्वतः! नवसागर आणि चुना तळहातावर चोळून मुलांना वास देते दर वर्षी. परड्यात आठवलं नाही. कोंबड्या उघड्या भागात हाकलल्या आणि पावसातच उभ्या केल्या. चुना घालायचा तर गादी काढल्यावर, खालच्या मोकळ्या जमिनीवर. निदान त्यात कळीचा चुना नव्हता, नाही तर पाय भाजले असते.

ओल झडीने येतेय. पश्चिमेच्या जाळीला बाहेरून झाप बांधले, जमिनीपासून ४ फुटांपर्यंत. वरची जागा मुद्दाम मोकळी, वारा खेळायला. सगळं बंद केलं तर ओल आत कोंडते.

५ जुलै

दोन तलंगांना (तरण्या कोंबड्यांना) रक्ती हगवण. सकाळी तुसावर विष्ठेत लाल धागा दिसला. एक तलंग पिसं फुगवून, डोळे मिटून भिंतीशी उभी. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विष्ठेचा नमुना नेला, डॉक्टरांनी कॉक्सिडिया सांगितलं. अँप्रोलियम पाण्यातून दिलं, त्यांनी लिहून दिलेल्या मापाने. तलंगांपैकी एक वाचली, एक संध्याकाळी गेली.

डॉक्टरांनी औषध लिहिताना एकच प्रश्न विचारला, "पाण्याचं भांडं कुठे ठेवता?" जमिनीवर. भांड्याभोवती दोन फुटांचं वर्तुळ कायम ओलं असतं. या एकपेशीय परजीवीची अंडी विष्ठेतून ताजी पडतात तेव्हा लागण करत नाहीत. ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत तयार होतात. जुलैत ऊब फुकट, ओल मी पुरवत होते.

भांडं आता विटांवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला. खाली लाकडी चौकटीत जाळी आणि तिच्याखाली कपची, म्हणजे सांडलेलं पाणी गादीत जात नाही. भांड्याभोवतालचं ओलं तूस दोन पाट्या उचलून नारळाच्या बुडाशी टाकलं.

१४ जुलै

तरणा पाऊस, म्हणजे पुनर्वसू नक्षत्रातला. काल सकाळपासून आज सकाळपर्यंत अंगणातल्या सरळ डब्यात १७० मिलिमीटर.

हिशेब मांडला. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे १ लिटर. पत्र्याखालचा भाग सुमारे ११ चौरस मीटर, उघडाही तेवढाच. काल एका दिवसात उघड्या अर्ध्यावर १९०० लिटरच्या आसपास पाणी पडलं, पाणी भरायच्या शंभर-सव्वाशे बादल्या. आडवा चर मध्यरात्री तुंबला. चिऱ्यांवरून पाणी इकडे आलं नाही, हे नशीब. पण उघड्या भागात कोंबड्यांच्या पावलांनी तांबडी खीर झाली आहे. पोटऱ्यांपर्यंत माखून त्या आत येतात आणि तो चिखल तुसावर आणतात.

उघड्या भागावर ताडपत्री टाकून बघितली होती बुधवारी. तिने पोट धरलं, दोन हंडे पाणी मधे, आणि एक आडवा पाईप वाकला. धाकट्याने खालून काठीने पोट वर ढकललं तेव्हा सगळं पाणी त्याच्याच अंगावर.

आतापर्यंत तुसाच्या ७ गोण्या आणि भुशाच्या ४ गेल्या, त्यातल्या निम्म्या चिखल झाकण्यात. मेमध्ये वाचवलेले पत्र्यांचे पैसे मी हप्त्याने भरतेय. खाली काय पसरावं यावर मी पाच दिवस प्रयोग केले आणि वर काय घालावं हे एका दुपारी उरकलं, ते उलट करायला हवं होतं.

२१ जुलै

म्हातारा पाऊस (पुष्य नक्षत्र) लागला, दोन दिवस उघडीप. उघड्या भागावरही १४ फुटी ४ पत्रे चढवले. निसरड्या शिडीवर नवरा, खाली शिडी धरून मी, सूचना द्यायला अण्णा. जुन्या आणि नव्या पत्र्यांच्या जोडाला एक पन्हाळी दुमड दाबून घेतली.

या भागातला चिखल वरवर काढला. मग चिऱ्याची कपची ३ इंच. तूस उरलंच नव्हतं, म्हणून तिथे सुपारीची सोलं सुरीने तोडून टाकली, पोफळीची आहेत तेवढी. चांगली निघाली! जाड, उकरली तरी दबत नाहीत, पाणी खाली सोडतात. यांचा प्रयोग मी केलाच नव्हता, घरात ढीग पडला असून.

दक्षिणेच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे वरून येणारं परड्याचं पाणी अडवायला, आणखी एक चर. हा सगळ्यात आधी खणायला हवा होता.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन करून आले आणि गादी तपासली. ७ इंच जाड झाली आहे. मूठभर घेऊन दाबली. मूठ उघडल्यावर गोळा क्षणभर टिकला आणि बोट लावताच फुटला. हवी तशी. गोळा तसाच राहिला तर जास्त ओली, बनलाच नाही तर जास्त कोरडी, मग धूळ उडते. मधोमध हात खुपसला तर कोमट. कुजण्याचं काम सुरू आहे. वास मातीचा, पहिल्या पावसानंतरच्या रानासारखा.

गादी हलवायला मी दाताळं घेत नाही. संध्याकाळी मूठभर भात गादीवर विखरून फेकते. अर्ध्या तासात १३ कोंबड्या सगळी १२० फूट जमीन नांगरून ठेवतात. आठवड्यातून एकदा कडा आणि खुराड्याचं दार तेवढं मी खालीवर करते, कारण तिथे दबून पापुद्रा धरतो. पापुद्रा धरलेला तुकडा पोळीसारखा उचलून बाहेर.

पोफळीच्या पन्हळीवर अळंबी उगवली आहे. चालू आहे तरी.

३ सप्टेंबर

गणपतीची साफसफाई. आवारात करण्यासारखं काही नव्हतं. अंडी बरी आहेत, आणि मुख्य म्हणजे स्वच्छ आहेत. जुलैत प्रत्येक अंडं तांबडं यायचं.

एक धामण खुराड्यामागच्या चिऱ्यांत राहायला आलीय. पत्र्याखालची घूस त्यानंतर दिसली नाही. अण्णा म्हणतात राहू दे. राहू दिली, पण आतापर्यंत दोन वेळा अंडी उचलली तिने.

१९ ऑक्टोबर

काकांची कापणी झाली. काल सकाळी आवाराचं दार उघडं ठेवलं. कोंबड्या खळ्याकडे धावल्या, कोंबडा शेवटी.

गादी काढली. खुराड्याकडच्या भागातून १४ गोण्या, काळसर, भुसभुशीत, तुसाचा दाणा अजून ओळखू येतो. नारळाला लगेच घालायची नाही, महिनाभर ढीग करून झाकून ठेवायची, नाही तर मुळं भाजतात. काकांनी वालाच्या वाफ्यासाठी दोन गोण्या मागितल्या. तीन दिल्या, महिनाभर थांबा सांगून.

सुपारीची सोलं तशीच आहेत, निम्मीसुद्धा कुजली नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा चालतील.

तळाची कपची झाडून काढली तेव्हा ईशान्येच्या कोपऱ्यात, जाळीच्या आतून, घुशीची दोन बिळं निघाली. दीड फूट आडवी जाळी बाहेर होती, पण खुराड्याच्या भिंतीला ती टेकते तिथे चार बोटांची फट मीच सोडली होती. दिवाळीच्या सुट्टीत दोन चिरे काढून तिथे वेल्डमेशचा तुकडा वळवून बसवायचा, आणि मोकळ्या जमिनीवर चुना टाकून ती महिनाभर उन्हात उघडी ठेवायची. डिसेंबरात गिरणीतून २० गोण्या तूस. अण्णांनी गिरणीवाल्याला आत्ताच सांगून ठेवलंय.